सहा दिवसांचा धर्म

बायबलातील दहा आज्ञांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु त्या आज्ञा ख्रिस्ती माणूस सोमवार ते शनिवार कशा पाळतो, किंबहुना पाळतो की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती समाजाबाहेर फारसा कुणी विचारीत नाही. आणि समाजाच्या आत तो विचारला तर थोडी चुळबूळ होते. आम्ही कामगार चळवळीतले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या गेटवर जास्त झाले. पाळक किंवा फादर ज्या अधिकाराने बोलतात तो अधिकार आम्हांला नाही. पण पगार, पाळी, सुट्टी, अपघात आणि चौकशी या पाच गोष्टींत आमची उमर गेली, आणि बायबल उघडले की याच पाच गोष्टी तेथे जागोजाग भेटतात. तेवढ्या ओळखीवर हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आज्ञा कुणाला मिळाल्या

दहा आज्ञा बायबलात दोनदा आल्या आहेत. निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात एकदा, आणि अनुवाद या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा. एकाच देवाची भक्ती, मूर्तिपूजेचा निषेध, देवाचे नाव व्यर्थ न घेणे, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळणे, आईबापांचा मान राखणे, खून न करणे, व्यभिचार न करणे, चोरी न करणे, खोटी साक्ष न देणे आणि शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ न धरणे, असा त्यांचा क्रम आहे. मोजणीत मात्र पंथापंथांत फरक पडतो. कॅथलिक पंथ पहिल्या दोन आज्ञा एक धरतो आणि लोभाच्या आज्ञेच्या दोन करतो. त्यामुळे वसईचा कॅथलिक शेतकरी ‘सातवी आज्ञा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चोरी असते. नगरकडचा प्रॉटेस्टंट शिक्षक तीच आठवी म्हणून शिकवतो. मजकूर एकच, आकडे वेगळे.

या आज्ञांच्या आधी एक प्रस्तावना आहे, तिकडे लोकांचे लक्ष जात नाही. आज्ञा देणारा देव स्वतःची ओळख करून देतो ती मिसर देशातल्या दास्यातून सोडवून आणणारा म्हणून. इस्राएल लोक मिसरात काय काम करीत होते? विटा पाडीत होते. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात त्या कामाचे वर्णन आहे, आणि ते वाचताना आम्हांला एखाद्या तक्रार अर्जाची आठवण होते. फारो राजाने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले. पेंढा मजुरांनीच रानोमाळ गोळा करावा, पण रोजच्या विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये, असा हुकूम सोडला. संख्या भरली नाही तेव्हा मार पडला तो इस्राएली मुकादमांना. ते राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तर राजा म्हणाला की तुम्ही आळशी आहात. माल द्यायचा नाही, उत्पादन पूर्ण मागायचे आणि तक्रार केली की आळशी ठरवायचे, ही रीत किती जुनी आहे ते यावरून समजावे.

तेव्हा दहा आज्ञा मिळाल्या त्या नुकत्याच सुटलेल्या वेठबिगारांना. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा सगळा अर्थ सरळ लागतो. ज्याने फारोच्या हाताखाली काम केले, त्याने स्वतःच्या घरात फारो होऊ नये, हा या आज्ञांचा एक मोठा रोख आहे.

येथे एक शंका येईल. ख्रिस्ती धर्म तर कृपेचा धर्म. आज्ञा पाळून तारण मिळत नाही असे पौलाने लिहून ठेवले आहे. मग आज्ञांचा एवढा आग्रह कशाला? शंका योग्य आहे. ख्रिस्ती शिकवण अशी की तारण ही मजुरी नव्हे, ते दान आहे. परंतु त्याच नव्या करारात याकोबाचे पत्रही आहे, आणि उघड्या व उपाशी भावाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास त्यात मेलेला ठरवला आहे. झाडाला कोणी फळे बांधून जिवंत करू शकत नाही हे खरे. पण वर्षानुवर्षे फळच आले नाही तर माळी मुळाशी खणून पाहणारच. येशूने सगळ्या आज्ञांचे सार दोन वाक्यांत सांगितले: देवावर संपूर्ण प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. ही दोन्ही वचने त्याने जुन्या नियमशास्त्रातूनच उचलली. शेजाऱ्यावरील प्रीतीचे वचन लेवीय ग्रंथाच्या ज्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी राखणे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून न ठेवणे आणि तराजू खरा ठेवणे हेही आहे. प्रीती म्हणजे काय, याची यादीच तेथे जोडलेली आहे.

विसाव्याची आज्ञा

शब्बाथ या हिब्रू शब्दाच्या मुळाशी थांबण्याचा अर्थ आहे. आजच्या हिब्रू भाषेत संपाला ‘श्विता’ म्हणतात. तो शब्द त्याच धातूपासून आलेला आहे. ही माहिती मिळाली तेव्हा आम्हांला किती आनंद झाला असेल, याची कल्पना कामगार कार्यकर्त्यांना सहज येईल.

या आज्ञेचे कारण दोन ठिकाणी दोन प्रकारे दिले आहे. निर्गमात म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण बदलते: तूही मिसरात दास होतास, याची आठवण ठेव. आणि विसावा कुणाकुणाला, याची सविस्तर यादी दिली आहे. घरधनी, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असा हेतूही सांगून टाकला आहे. नांगरणी आणि कापणीच्या ऐन हंगामातही दिवस मोडू नये, असे निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात बजावले आहे. म्हणजे ‘सध्या सीझन आहे’ ही सबब तेव्हाही पुढे येत होती.

ही आज्ञा धंद्यात पाळण्याचे सुंदर उदाहरण आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणच्या किनाऱ्यावर, आताच्या रायगड जिल्ह्याच्या गावांत, तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यावरून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. हा समाज ख्रिस्ती नव्हे. पण आज्ञा तीच. तिची पाटी त्यांनी कुठे लावली नव्हती. घाण्याचा आवाज येत नाही, एवढ्यावरून गावाला त्यांचा धर्म कळत होता.

ख्रिस्ती लोकांनी शनिवाराऐवजी रविवार मानला, कारण येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले अशी त्यांची श्रद्धा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने सन ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. पण शहरातील न्यायालये व कारागीर यांना सुट्टी दिली आणि शेतीकामाला मोकळीक ठेवली. मूळ आज्ञेत हंगामालाही सूट नव्हती. सम्राटाच्या हुकुमात ती आली. राजाश्रय मिळाला की आज्ञेला अशा फटी पडू लागतात.

अशीच एक मोठी फट मुंबईत होती. राज्य ख्रिस्ती राजाचे. कचेऱ्या रविवारी बंद. आणि गिरणी कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक विचाराचे पुढारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या झाल्या. मागण्या अशा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. सहा वर्षे झगडा चालला. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार दिला. लोखंडे यांनी मागणी केली ती कामगाराचे शरीर पाहून. परंतु तो अर्ज आणि अनुवाद हा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. सुट्टी, वेळेवर मजुरी आणि अपघात, तिन्ही गोष्टी दोन्हीकडे आहेत. आज्ञा ज्यांच्या घरी होती त्यांनी ती गिरणीत नेली नाही. ज्यांच्या घरी ती नव्हती त्यांनी तिचे काम केले. ख्रिस्ती माणसाने हे नम्रपणे लक्षात ठेवावे.

आता घरापुरते पाहू. रविवारी सकाळी कुटुंब स्वच्छ कपडे करून उपासनेला जाते. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून भांडी घासणाऱ्या बाईला लवकर बोलावलेले असते. आज्ञेच्या यादीत दासीचे नाव स्पष्ट आहे. मग या बाईचा विसाव्याचा दिवस कोणता? चर्चच्या दारावरचा कंत्राटी रखवालदार बारा बारा तास उभा असतो. त्याचा? परिचारिका, रेल्वेचा सांधेवाला, वीज केंद्रातला कामगार यांनी रविवारी काम केले तर आज्ञा मोडत नाही. येशूने शब्बाथाच्या दिवशी रोगी बरे केले आणि तो दिवस माणसासाठी आहे असे सांगितले. परंतु ज्याने रविवारी काम केले त्याला बदली सुट्टी मिळालीच पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्यात हेच तत्त्व घातले गेले. घरकामाच्या बाईसाठी मात्र तो कायदा नव्हता. तेथे घरमालकिणीचा विवेक हाच कायदा.

सूर्य मावळण्यापूर्वी

‘चोरी करू नको’ ही आज्ञा ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे कुलूप फोडणारा माणूस येतो. नियमशास्त्र पुढे जाते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की गरीब मजुरावर, मग तो आपला असो की परका, जुलूम करू नये. त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे. दिली नाही तर तो देवाकडे गाऱ्हाणे करील आणि पाप देणेकऱ्याच्या माथी बसेल. त्याच अध्यायात जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असेही आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे पोटच गहाण घेणे होय. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर रात्रीपूर्वी परत करावे, कारण तो त्यातच निजतो.

उशिरा मिळालेला पगार म्हणजे काय, हे चाळीतल्या बाईला विचारावे. पगार दहा दिवस लांबला की वाण्याची वही वाढते, मुलाची फी थकते, आणि सावकाराचे व्याज मात्र थांबत नाही. म्हणजे मालकाने दहा दिवस पैसे स्वतःकडे वापरले आणि त्याचे व्याज कामगाराने भरले. रक्कम पूर्ण मिळाली तरी चोरी झालीच. संदेष्टा यिर्मया याने यहोयाकीम राजाला याच कारणासाठी धारेवर धरले. राजाने गंधसरूच्या तक्तपोशीचा प्रशस्त वाडा बांधला आणि बांधणाऱ्यांना मजुरी दिली नाही. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले, त्यात याच वचनाचा आधार घेऊन मजुरी बुडवणे हा मोठा अपराध ठरवला, आणि मजुरी कामगाराच्या साध्या चरितार्थाला पुरेशी असावी असे सांगितले. कामगारांच्या संघटनांचा हक्कही त्यात मान्य केला आहे.

आपल्याकडे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. त्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिना संपल्यापासून सात दिवसांची आणि मोठ्या ठिकाणी दहा दिवसांची मुदत घातली. पुढे २०१९ साली संसदेने वेतन संहिता संमत केली. तिच्यात रोजंदारीच्या कामगाराला पाळी संपताच मजुरी द्यावी असे कलम आहे. मोशेच्या नियमशास्त्रातील सूर्यास्ताची अट आणि ही अट यांत किती साम्य आहे पाहा. कलम छापून येते आणि नाक्यावरचा मजूर तरीही आठ दिवस हेलपाटे घालतो. हे अंतर कायद्याने भरत नाही; ते पैसे देणाऱ्याच्या मनाने आणि पैसे मागणाऱ्याच्या संघटनेने भरते.

द्राक्षमळ्याचा दाखला व्यवस्थापनाच्या काही मंडळींना फार आवडतो. मालकाने दिवसभर राबलेल्याला एक दीनार दिला आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एकच दीनार दिला. तेव्हा मालकाच्या पैशाचे काय करायचे ते मालकाने ठरवावे, असा अर्थ ते काढतात. त्यांना आमचे दोन शब्द. पहिला असा की, त्या मालकाने सर्वांना मजुरी त्याच संध्याकाळी दिली. म्हणजे नियमशास्त्र पाळले. दुसरा असा की, त्याने कुणालाही ठरल्यापेक्षा कमी दिले नाही. मर्जी वापरली ती जास्त देण्यासाठी. दिवसभर नाक्यावर उभा राहून ज्याला कुणी कामावर घेतले नाही, त्याच्याही घरी चूल पेटवायची असते, हे त्या मालकाला ठाऊक होते.

ख्रिस्ती कुटुंबांत उत्पन्नाचा दशांश देवाला देण्याची चाल आहे, ती चांगली आहे. परंतु येशूने परूश्यांना सुनावले की पुदिना, शेप व जिरे यांचाही दशांश तुम्ही मोजून देता आणि न्याय व दया बाजूला ठेवता. मजुराचे पैसे थकवून दिलेला दशांश हा देवाला दिलेला मजुराचा पैसा होय. जक्कय हा जकातदार येशूला भेटला तेव्हा त्याने प्रार्थनेचे वचन दिले नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले.

ही आज्ञा दोन्ही बाजूंना लागते हेही सांगितले पाहिजे. हजेरी लावून खात्यातून गायब होणारा, दुसऱ्याचे कार्ड पंच करणारा, तुकड्यावरच्या कामात खराब माल खाली लपवणारा कामगारही चोरीच करतो, आणि त्याचा भार शेजारच्या यंत्रावरच्या भावावर पडतो. नियमशास्त्राने थैलीत दोन प्रकारची वजने ठेवण्यास मनाई केली आहे. घेताना एक वजन आणि देताना दुसरे, ही लबाडी व्यापारी जशी करतो तशी मालक व कामगारही करू शकतो.

ही आज्ञा तंतोतंत पाळून धंदा बुडतो, असे म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडातील क्वेकर पंथाची हकीकत आहे. सतराव्या शतकात क्वेकर दुकानदारांनी घासाघीस सोडून प्रत्येक वस्तूची एकच किंमत ठेवली. कारण आधी जास्त सांगून मग कमी करणे हे त्यांना खोटे वाटे. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. पुढे लोकांच्या लक्षात आले की येथे लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही, आणि गिऱ्हाईक वाढले. याच पंथातील जॉन वुलमन हा अठराव्या शतकातला अमेरिकन शिंपी. गुलामाच्या विक्रीचा कागद लिहिण्याचे काम आले तेव्हा पुढे तो नकार देऊ लागला. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणा राहिला तर तेथे राबलेल्या गुलामांना तो मजुरी देऊ करी. गुलामांचे मालकही दहा आज्ञा वाचीत होते. वुलमनने चोरीची आज्ञा माणसाच्या श्रमाला लावली, एवढाच फरक. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली.

छपराचा कठडा

खुनाची आज्ञा आपण मोडीत नाही, असे बहुतेकांना वाटते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधशील तर छपराला कठडा बांध. नाहीतर कुणी वरून पडला तर रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. तिकडे धाब्याची घरे. लोक छपरावर वावरत. पडणाऱ्याची बेपरवाई होती की नाही, हा प्रश्नच तेथे विचारलेला नाही. कठडा होता की नाही, एवढेच पाहायचे.

कारखान्यात अपघात झाला की पहिला शेरा असतो ‘कामगाराची हयगय’. प्रेसच्या यंत्राचा गार्ड उत्पादन वाढावे म्हणून कुणी काढला, हे मागाहून निघते, आणि कित्येकदा निघतच नाही. १९४८ च्या कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम आले ते या कठड्याचेच भावंड आहे. बांधकामावर परातीत सिमेंट वाहून नेणाऱ्या बाईसाठी सहाव्या मजल्यावर दोरी बांधलेली नसेल, तर तो ठेकेदार रविवारी कितीही मोठ्याने स्तोत्र म्हणो, त्याच्या घराला कठडा नाही असेच आम्ही म्हणू. गटारात माणूस उतरवणाऱ्यालाही हीच आज्ञा लागते.

साक्ष

खोट्या साक्षीची आज्ञा मुळात पंचायतीसाठी आहे. आमच्या जगात तिची जागा म्हणजे खात्यातली चौकशी. चौकशीत माणसाची नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर घर जाते.

एका कारखान्यातील प्रसंग सांगतो. एका कामगारावर मुकादमाला लोखंडी सळईने मारल्याचा आरोप होता. प्रसंग पाहणारा एकच, एक ख्रिस्ती फिटर. व्यवस्थापनाने तयार जबाब त्याच्यापुढे ठेवला आणि बढतीची गोष्ट काढली. इकडे आमच्या युनियनमधील काही तरुणांचा आग्रह की, आपण त्या वेळी तेथे नव्हतोच असे त्याने सांगावे. त्या गृहस्थाने दोघांचेही ऐकले नाही. त्याने सांगितले की धक्का दिला हे खरे, शिवी आधी मुकादमाने दिली हेही खरे, आणि सळई कुणाच्याच हातात नव्हती. आरोपी कामगाराला चार दिवसांचे निलंबन झाले, नोकरी वाचली. फिटरला बढती मिळाली नाही, आणि पंधरा दिवस काही सोबती त्याच्याशी बोलले नाहीत. त्याने ‘नव्हतो’ म्हटले असते तर सळईची गोष्ट खोडणाराच कुणी उरला नसता. त्या वर्षीच्या निवडणुकीत कामगारांनी त्यालाच खात्याचा प्रतिनिधी केले. सत्याने संघटना दुबळी होते, हा समज त्या दिवसापासून आमच्या गेटवर कमी झाला.

संघटना आणि आज्ञा यांचे वैर आहे, असे सांगणारे उपदेशक प्रत्येक काळात असतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना आपल्या पगारात समाधानी राहण्यास सांगितले, हे वचन आम्हांला पुष्कळदा ऐकवले जाते. पण तो बोलत होता हत्यारबंद शिपायांशी, आणि त्याच श्वासात त्याने त्यांना लोकांना धाक घालून पैसे उकळू नका असे सांगितले. ते वचन लाचखाऊ शिपायासाठी आहे. उपाशी मजुरासाठी नव्हे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावी शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात अशी उतरत गेली आणि सहावर येणार असे ऐकू आले, तेव्हा तेथील मजुरांनी संघटना केली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता. १८३४ साली त्याच्यासह सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवले. आरोप गुप्त शपथ घेतल्याचा, आणि कायदा १७९७ सालचा, आरमारातील बंडानंतर केलेला. लोकांनी एवढा गहजब केला की १८३६ मध्ये त्यांना माफी द्यावी लागली. ज्या माणसाने रविवारी बायबल समजावून सांगितले त्यानेच आठवडाभर मजुरांना एकत्र केले. त्याच्या दृष्टीने ही दोन कामे नव्हती.

ज्या आज्ञेला साक्षीदार नाही

शेवटची आज्ञा लोभाची. ती मोडली तर साक्षीदार सापडत नाही, कारण ती मनात मोडते. शेजाऱ्याचे घर, बायको, दास, बैल, गाढव यांचा लोभ धरू नये. येशूने डोंगरावरील प्रवचनात बाकीच्या आज्ञाही अशाच आत नेल्या. खुनाच्या मागे राग पाहिला, व्यभिचाराच्या मागे नजर पाहिली. संदेष्टा आमोस याने अशा व्यापाऱ्यांचे चित्र काढले आहे की जे शब्बाथ पाळतात खरे, पण मनात विचारीत असतात, हा दिवस कधी संपेल, म्हणजे आम्ही माप लहान करून धान्य विकू. दिवस पाळला आणि मन दुकानात ठेवले.

न्याय्य मजुरी मागणे म्हणजे लोभ नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. लोभ दुसऱ्याच्या वस्तूचा असतो. मजुरी ही मजुराचीच वस्तू आहे. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, असे नियमशास्त्र म्हणते. वर्षातून एकदा पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पौलाने तेच वचन राबणाऱ्या माणसाला लावले.

हे सर्व कुठून सुरू करावे, असे आम्हांला ख्रिस्ती मंडळींत विचारतात. आमचे उत्तर लहान आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या वार्षिक हिशेबाच्या सभेत चार प्रश्न घ्यावेत. आपला झाडूवाला, रखवालदार आणि आपल्या शाळेतील कंत्राटी शिक्षक यांना गेल्या वर्षी पगार कोणत्या तारखेला मिळाला? त्यांना आठवड्याची सुट्टी मिळाली का? आपल्या इमारतीवर काम करताना कुणाला इजा झाली का, आणि त्याचे पुढे काय झाले? आणि सभासदांपैकी कुणाच्या घरी वा धंद्यात कुणाची मजुरी थकली आहे का? हे प्रश्न विचारायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. हजेरीपट आणि पगाराची वही पुरते. ज्यांचा धर्म वेगळा आहे त्यांनी आपापल्या देवळाच्या, मशिदीच्या, मठाच्या किंवा संस्थेच्या वहीत हेच चार प्रश्न घालावेत. आमची हरकत नाही, उलट आनंद आहे. चौथ्या आज्ञेत विसाव्याच्या दिवसाइतकीच सहा दिवसांच्या कामाची गोष्ट आहे, आणि त्या सहा दिवसांचा हिशेब पगाराच्या वहीत तारखेसह लिहिलेला असतो.